आईचं पाणी, गाडीची किल्ली

प्रिय दादा,

तू वरच्या खोलीत आहेस, मी खाली स्वयंपाकघरात. मधे फक्त चौदा पायऱ्या. तरी पत्र लिहितेय, कारण तुझ्यासमोर आले की रडू आधी येतं आणि बोलणं मागं राहतं. आज क्षमावाणी. सकाळपासून फोनवर 'उत्तम क्षमा'चे किती संदेश आले, सगळे गुलाबाच्या फुलासकट. मीही मैत्रिणींना तेच फूल पुढं पाठवलं. तुझ्या नावापाशी मात्र बोट थांबलं. तुझ्याकडं फुलावर भागणार नाही.

आईनं आज दहा उपवासांचं पारणं केलं. मुगाचं पाणी दोन चमचे घेतलं आणि लगेच विचारलं, "जिनू जेवला काय गं?" मी हो म्हणाले. तुझं ताट दाराबाहेर तसंच पडलंय हे मला माहीत होतं. क्षमा मागायच्या दिवशी सकाळीच एक खोटं बोलून झालं.

दम्यामुळं सातव्या वर्षापर्यंत मला शाळेत घातलं नव्हतं, आठवतं? तू शाळेतून यायचास, दप्तर फेकायचास आणि अण्णांच्या दुकानातल्या पाण्याच्या मोटारींच्या खोक्यांवर खडूनं मला अक्षरं शिकवायचास. तुझ्या शाळेत एकच नियम होता, पुसायचं नाही. चुकलेल्या अक्षरावर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. मी फडकं घेऊन पुसायला धावले की ओरडायचास, "चूक दिसूदे की! लाजायचं काय त्यात?" शाळेतल्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी खोडरबर दिला. मी तो वर्षभर वापरला नाही.

आता परवाच्या नाकाबंदीचं. गुरुवारी कोर्टात तारीख आहे. पहिलाच गुन्हा असला तरी कायद्यानं सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, असं वकील म्हणाले. त्यांच्या मते बहुतेक दंडावर भागेल, पण लायसन्स काही महिने तरी जाईल. पंपांच्या कंपनीच्या कामासाठी तू गारगोटीपर्यंतची दुकानं गाडीनंच फिरतोस. लायसन्सशिवाय ही नोकरी राहील का, ते तुझे साहेब अजून बोललेले नाहीत. तू जेवत नाहीस ते त्यामुळंच, असं अण्णांना वाटतं. मला तसं वाटत नाही.

काल दादासोकाका आले होते. तुझ्या खोलीकडं बघत मुद्दामच मोठ्यानं म्हणाले, "आपल्यात कुणी पीत न्हाय, आख्ख्या पेठंला ठावं हाय. पोराला खोकला हुता, द्राक्षासव घेतलं हुतं, असं लिवायचं. वैनी सही करतील. आदे, तुझं अक्षर चांगलं हाय, तू लिव." आई लगेच तयार झाली. दादा, ती तुझ्यासाठी खोटं बोलत नाहीये रे. तिला ते खरंच वाटतंय. त्या दिवशी हुपरीत मावशीच्या दारात तू गाडीतून उतरलास, तेव्हा तिनं विचारलं होतं, "कसला वास यायलाय रं?" तू म्हणालास, "थंडीचं औषध घेतलंय." झालं. साठ वर्षं ज्या बाईच्या घरात दारूची बाटली आली नाही, तिनं तो वास कशाशी ताडून बघायचा? रस्ताभर ती तुला म्हणत होती, "डोक्याला वारं लागू दिऊ नगो, काच वर घे."

मला मात्र तो वास माहीत होता. मे महिन्यात तुझ्या मित्राच्या, विश्वजितच्या लग्नातून आलास, तेव्हा तुझा शर्ट मीच गुपचूप धुतला होता. परवा तू त्याच्या नव्या गाडीच्या जेवणातून थेट आम्हाला न्यायला आलास, तेव्हाही मी गप्प बसले. आईचा नववा उपवास, हुपरीतली पूजा लांबलेली. घरचं उकळलेलं पाणी तेवढं ती घेते, तेही दिवस मावळायच्या आत, आणि आणलेली बाटली दुपारीच संपलेली. सहा वाजत आले होते. माझ्या डोक्यात फक्त तो सूर्य होता.

तो नाकाबंदीवरच मावळला. हवालदार तुला म्हणाला, "पावणं, ह्यात जरा फुका की." यंत्रावर बहात्तर आकडा आला, चालतो तीसपर्यंतच. त्यानं आईपुढं पाण्याची बाटली धरली, "मावशी, पाणी घ्या, घसा सुकला आसंल." आईनं हात जोडले आणि आभाळाकडं बघितलं. त्या दिवशीचं पाणी तिला मिळालंच नाही.

आणि आता ते, जे तू पोलिसांना सांगितलं नाहीस, वकिलांना नाही, अण्णांनी कानाखाली मारली तेव्हासुद्धा नाही. मावशीच्या दारात तू किल्ली माझ्यापुढं धरली होतीस. "आदे, तू चालवतीस काय?" एवढंच म्हणालास. का विचारतोस ते मला पुरतं कळलं होतं. लायसन्स माझ्या पर्समध्ये होतं. तूच शिकवलेलं, तूच काढून दिलेलं. मी म्हणाले, "नको, तूच चालव, लवकर पोचू." मला ट्रकांची भीती वाटली, आणि वेळेची. मागच्या सीटवर आई होती, रस्त्यावर शाळेतून परतणारी पोरं होती, आणि मी पाण्याचा हिशेब करत बसले. कुणाला धक्का लागला नाही हे नशीब. त्यात माझं शहाणपण नव्हतं. दादा, मला क्षमा कर. प्यालास ती चूक तुझी, ती मी माझ्या अंगावर घेणार नाही. किल्ली परत दिली ती माझी.

या कागदाच्या अगदी वर बघ. काकांनी जबाबासाठी दिलेला हाच कागद. 'माझ्या मुलास खोकला होता' एवढं मी लिहिलं, मग त्यावर एक आडवी रेघ मारली. पुसलं नाही. आईला औषधाचं खरं तू सांग, गुरुवारच्या आत. मी शेजारी बसेन आणि किल्लीचं मी सांगेन. मग कोर्टात जे असेल ते कबूल कर. पोलिसांकडून गाडी सुटली की घरी मी आणेन, आणि तुझं लायसन्स परत येईपर्यंत सुट्टीच्या दिवशी गारगोटीलाही मीच नेईन. ट्रक दिसला की घाबरेन, पण तू शेजारी बस आणि ओरड. आता खाली ये. दिवस मावळायला अजून तास आहे, तुझं ताट मी गरम करतेय.

तुझीच,
खोक्यावर शिकलेली,
आदिती