हनुवटीची वायर

३ डिसेंबर, मंगळवार
बानूबाईंना कामावरून काढलं. माझ्या एका वाक्यावर!

काल कासुर्डीच्या वळणावर मी चालवत होतो ती शाळेची गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली. चौदा पोरं — कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मालक बबनराव धावत आले. "जालिंदर, झालं काय?" मी म्हणालो, "बाईंनी स्टिअरिंगला हात घातला." घातलाच होता — माझे डोळे मिटले होते म्हणून! त्यांच्या ओरडण्यानंच मी जागा झालो. पोरं सांभाळायला त्या गाडीत असतात, त्यावरच त्यांचं घर चालतं. "मालक, ऐका तरी..." एवढंच बोलू दिलं त्यांना. मी बोनेटकडं बघत उभा.

५ डिसेंबर
समृद्धी जेवताना माझ्याकडं पाठ करून बसते. माझी पोर, सातवीतली. गाडीत तीही होती. काय बघितलंस, विचारायची हिंमत नाही.

७ डिसेंबर
शाळेनं माझा फिटनेस दाखला मागितला. दौंडच्या डॉक्टरांनी माझी जाड मान बघितली. "घोरता का?" मी नाही म्हणालो. सविता म्हणाली, "मधीच श्वास बंद पडतो यांचा. मी हलवते तवा सुरू होतो."
बाहेर आल्यावर तिच्यावर ओरडलो. बायकोवर, स्टँडवर, लोकांसमोर! झोपेची टेस्ट लिहून दिलीय.

९ डिसेंबर
भांडगावच्या पुढं परत डुलकी. हिरवी मिरची चावत गाडी आणली. मागं चौदा पोरं. थू माझ्यावर!

११ डिसेंबर
काल रात्री टेस्ट झाली. डोक्याला, हनुवटीला, पोटऱ्यांना वायरी. म्हटलं, झोपलोच नाही तर सापडणार कसा? डोळे मिटून पडलो, मांडीला चिमटे काढत.
सकाळी टेस्ट घेणारी मुलगी — हर्षदा — कागद घेऊन आली. "काका, झोप लागली की हनुवटीचा स्नायू सैल पडतो. तुमचा शेवटपर्यंत ताठ. तुम्ही जागेच होतात." मग हळूच, "कशाला घाबरताय?"


१४ डिसेंबर
परत गेलो. या वेळी झोपलो. हर्षदानं कागदावरच्या रेघा दाखवल्या. हनुवटीची रेघ बारीक होते, घसा मिटतो, श्वास थांबतो. मग एकदम रेघ उसळते — गुदमरून जाग येते, मला कळतही नाही. तासाला एकेचाळीस वेळा! दिवसा डोळा लागणारच, म्हणाली. नाकाला हवेचं मशीन लावून झोपायचं, बरं वाटेल. तोवर गाडीला हात लावायचा नाही.
"आजार आहे काका, यात लाजायचं काय?"
आजाराची नाही गं लाज.

१६ डिसेंबर
बबनरावांना सगळं सांगितलं. चावी टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलून खणात टाकली. मग म्हणाले, "बाईंना परत बोलवायचं तर तूच जा. मला आता त्यांच्याम्होरं उभं राहवणार न्हाई."

१७ डिसेंबर
गेलो. पाया पडायला वाकलो तर बानूबाईंनी हात धरला.
"तुझी समृद्धी आली व्हती, मला काढलं त्याच दिशी सांजच्याला. लई रडली. म्हणली, मी सांगते मालकाला, पप्पा झोपले व्हते. मीच तिला शपथ घातली — बापाचं काम जाईल, कुठं बोलू नको."