आंतरराष्ट्रीय संबंध, मु. पो. लासुर्णे

मु. पो. लासुर्णे, ता. इंदापूर
मंगळवार

तीर्थस्वरूप बिरदेवमामांना भाची रेश्माचा वाकून नमस्कार.

तुमची, रतनमामीची आणि तुमच्या डाव्या गुडघ्याची तब्येत बरी असेल असं धरून चालते. इकडं सगळे बरे आहेत. आण्णा बरे आहेत. आई बरी आहे, म्हणजे विचारलं की बरी आहे म्हणते. गाय व्यायली, कालवड झाली. पत्र बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण आमच्या घरातले चारही नंबर तुम्ही ब्लॉक केलेत आणि पाचवा घेतला तर तोही त्याच वाटेनं जाईल, म्हणून कागद. हे पत्र जोतीरामतात्यांच्या पिकअपमधून येईल. ते एक दिवसाआड ढोबळी मिरची घेऊन इंदापूरला येतात. (त्यांना वाचू नका असं बजावलंय, म्हणजे ते नक्की वाचणार, म्हणून पाकीट स्टेपल करणार आहे.)

पत्र लिहिण्याचं कारण काही विशेष नाही, फक्त खुशाली. मी सध्या बारामतीला एम.ए. करते, दुसरं वर्ष, विषय राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध. तुम्हाला हे माहीत नसणार, कारण मी ॲडमिशन घेतलं तेव्हा आपल्या दोन घरांचं बोलणं बंद होऊन वर्ष झालं होतं. रोज सकाळी मी जी एसटी पकडते ती इंदापूरहूनच येते. कंडक्टरही तुमच्याच आळीतला आहे, सुट्ट्यावरून रोज माझ्याशी भांडतो. आमच्या अभ्यासात अशा स्थितीला संबंध तुटले पण वाहतूक सुरू आहे असं म्हणतात आणि ते चांगलं लक्षण मानतात.

राज्यशास्त्र म्हटल्यावर गावानं आधी मी पंचायतीला उभी राहणार असं ठरवून टाकलं. दोघातिघांनी आत्तापासूनच हात जोडायला सुरुवात केली, एकानं रेशनकार्डातलं सुनेचं नाव दुरुस्त करायला दिलं. (करून दिलं. अजून काही उभी राहिलेली नाही, पण काम झाल्याचं गावभर झालं.) हे मी निभावून नेलं. पण विषयाचं दुसरं अर्धं नाव काय घोळ घालेल याची मला कल्पना नव्हती.

झालं असं की दिवाळीनंतर आमच्या मॅडमनी एक निबंध लिहायला लावला. एक नदी दोन देशांतून वाहते, तेव्हा पाण्याचं काय होतं. मी चार पुस्तकं वाचली, पण खरं सांगायचं तर अर्धा निबंध आपल्या शेतातल्या चारीवरून लिहिला. वरच्याचं रान भिजल्याशिवाय खालच्याला पाणी येत नाही, म्हणून खालचा वरच्याशी गोड बोलतो, वरचा पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी गोड बोलतो, आणि पाटकरी कोणाशीच बोलत नाही. फक्त वरच्याला 'ऊर्ध्वप्रवाही राष्ट्र' असं लिहिलं. (आमच्या चारीवर आण्णा ऊर्ध्वप्रवाही आहेत. हे त्यांना सांगितलेलं नाही.) मॅडमना निबंध इतका पटला की त्यांनी तो काठमांडूला पाठवला. तिथं पुढच्या महिन्यात आजूबाजूच्या देशांतल्या विद्यार्थ्यांची परिषद आहे. मामा, माझा निबंध निवडला गेला. आमच्या कॉलेजातून एकटीचा. चार दिवस जायचं, सोबत दोन मॅडम, जाण्यायेण्याचं सगळं परिषदवाले बघणार. येत्या सोमवारपर्यंत पालकाचं सही केलेलं संमतीपत्र तेवढं द्यायचं. मी बावीस वर्षांची आहे, आणि ज्या मतदानकार्डावर देशाचं सरकार निवडते तेच दाखवून नेपाळात जाता येतं, पण कॉलेजला आण्णांची सही लागते. नियम आहे.

आण्णांनी आधी काहीच हरकत घेतली नाही. पासपोर्ट लागत नाही हे ऐकून तर ते जरा नाराजच झाले. म्हणाले, "मग त्यो परदेश कसला? जा की." आणि दुसऱ्या दिवशी डेअरीवर दूध घालताना रांगेतल्या सगळ्यांना त्यांनी स्वतःच अभिमानानं सांगितलं की पोरगी आंतरराष्ट्रीय संबंधासाठी नेपाळला चाललीय. एवढंच वाक्य. त्यात चूक काहीच नव्हती. पण आपल्याकडं 'संबंध' म्हटलं की माणसांच्या डोळ्यांपुढं काय येतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडं संबंध जमवतात, संबंध बघायला जातात, आणि हुंड्यावरून मोडतात तेही संबंधच.

दुपारी शेजारच्या भामाबाई आल्या. त्यांच्या ऋतिकचा बायोडाटा घेऊन आल्या. ऋतिक बत्तीसचा झाला, अडीच एकर बागायत आहे, शेडनेट आहे, निर्व्यसनी आहे, आणि नोकरी नाही म्हणून सात ठिकाणी नकार आला आहे. फोटोत तो गॉगल घालून दुसऱ्याच्या जीपला टेकून उभा आहे. भामाबाई म्हणाल्या, "तू संबंधाचं शिकतीस न्हवं? मग आमच्या ऋतिकचं बघ की तिकडं कुठं. भाकरी नाय आली तरी शिकवीन मी." मी त्यांना नीट बसवून, चहा देऊन समजावलं की हे दोन देशांमधले संबंध असतात, भारत आणि नेपाळ, व्यापार, सीमा, पाणी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्येच म्हणतीया मी. दोन्हीकडच्यांनी आपापलं झाकायचं, मान सोडायचा न्हाय, आन् मधल्यानं जमवायचं." मामा, ही व्याख्या मॅडमना सांगायला दोन तास लागतात आणि परीक्षेत ती सोळा मार्कांना येते. भामाबाईंचं परराष्ट्र धोरणही पक्कं आहे. नेपाळची चालेल, देव एकच आहेत. चीनची नको, तिथं भांडण चालू आहे. लंकेची अजिबात नको, तिथं आपलं जुनं आहे.

आठवडाभरात माझ्याकडं सहा बायोडाटे जमले. एक लॅमिनेशन केलेला होता, एकासोबत सातबारा जोडला होता. सुरुवातीला मी हसले. नंतर हसू येईना. ही सगळी माझ्या ओळखीची पोरं आहेत, त्यातल्या दोघांनी मला शाळेत सायकल शिकवली, आणि शेती करतात एवढ्या एका कारणावरून त्यांना कोणी दारात उभं करत नाही. त्यांच्या आया घड्या घातलेला कागद पदराखालून काढतात तेव्हा माझ्यानं नाही म्हणवत नाही. सगळे बायोडाटे मी एका फाईलीत लावून ठेवलेत. (तुमच्याकडं कोणाचं बघायचं चाललं असेल तर ऋतिकचं खरंच सांगा, माणूस चांगला आहे.)

पण गेल्या शुक्रवारी डेअरीवर कोणीतरी आण्णांना विचारलं, "काय दादासो, पोरगी नेपाळातनं सुना आणायला चालली व्हय? आमची बी एक धरा." सगळी रांग हसली. आण्णा दूध न घालताच कॅन घेऊन घरी आले. दोन वेळा चहा घेतला. मग मला समोर बोलावून म्हणाले, "पोरीवर मामाचा हक्क असतो. तुझ्या मामानं हितं येऊन, माझ्या म्होरं बसून 'जा' म्हणलं, तर जा. मग मी सही करतो." आणि उठून रानात गेले.

आता बघा, हे किती हुशारीनं केलं. नाही म्हणाले असते तर मी भांडले असते, आई रुसली असती, मॅडमनी फोन केला असता. त्यांनी नाही म्हटलंच नाही. नकाराधिकार स्वतः न वापरता तुमच्या हातात दिला, कारण तुम्ही येणार नाही याची त्यांना खात्री आहे. आमच्या वर्गात याच्यावर टाळ्या पडल्या असत्या. मला मात्र रडू आलं, आणि मी खोटं कशाला सांगू, बराच वेळ आलं.

तुम्ही का येणार नाही हे दोन्ही घरांना माहीत आहे, पण अशा प्रकरणात प्रत्येक बाजू आपली मांडणी वेगळी करते, म्हणून आमच्या बाजूची लिहून ठेवते. शिवमदादाच्या लग्नात फेटे मोजून आणले होते. माईकवर जे गुरुजी होते त्यांनी आधी कारखान्याकडची माणसं पुकारली, मग पंचायतीतली, मग सोसायटीतली, मग दादाच्या मित्रांनी सेल्फीसाठी चार फेटे परस्पर बांधून घेतले, आणि शेवटी गुरुजींनी 'इंदापूरचे पाहुणे' असं पुकारलं. नवरदेवाचा सख्खा मामा असं नाही, इंदापूरचे पाहुणे. तोवर फेटे संपले होते. म्हणून तुम्हाला टॉवेल-टोपी देण्यात आली. कोणी मुद्दाम केलं नाही. आण्णा म्हणतात, लग्नघाईत झालं. हे आमचं अधिकृत निवेदन, आणि गेली तीन वर्षं त्यात एका शब्दाचाही बदल झालेला नाही.

अभ्यासात आम्हाला राजशिष्टाचार नावाचं एक प्रकरण आहे. कोणाला आधी बोलवायचं, कोणाची खुर्ची कुठं. वर्गातल्या शहरातल्या मुलींना ते कंटाळवाणं वाटतं, त्या म्हणतात, खुर्चीवरून कोण भांडतं? मला आपला अल्बम आठवतो. त्यातल्या एका फोटोत दादाच्या पाठीशी तुम्ही उभे आहात, मंगलाष्टका चालू आहेत, आजूबाजूला सगळे भगवे फेटे आणि मध्ये तुमचं एकट्याचं डोकं उघडं. अक्षता टाकल्या आणि तुम्ही न जेवता गेलात. आई अल्बम बघायला घेते तेव्हा ते पान पटकन उलटते.

आई या सगळ्यात अलिप्त राष्ट्र आहे. ती तुमच्या बाजूनं बोलत नाही, आण्णांच्याही नाही. पण मामा, तीन भाऊबीजा झाल्या, आईनं ताट तयार केलं आणि अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. मी मागच्या वर्षी तिला हे बोलून दाखवलं, तर म्हणाली, चंद्र काय वाईट हाय व्हय? मला तुमचा त्या दिवशी फार राग आला होता. आण्णांचाही आला होता, पण ते घरात असतात, त्यांच्यावर तो थोडा थोडा काढता येतो.

असो. खुशाली एवढीच. थंडी जपा, गुडघ्याला तेल लावत जा. रतनमामीला नमस्कार.

तुमची भाची,
रेश्मा

ता. क. खुशाली म्हणून लिहिलं तेवढं खरं नाही. मामा, रविवारी या. सोमवारी कागद द्यायचा आहे. जेवू नका, पाणी पिऊ नका, बूट काढू नका. आण्णांपुढं बसा, 'जा' म्हणा आणि उठा. एकाक्षरी काम आहे. परतीची गाडी दर अर्ध्या तासाला आहे.

ता. क. २ वरच्या पत्रात मी आण्णांबद्दल 'हुशारीनं केलं' वगैरे लिहिलंय ते तुमच्यापुरतं. आईला या पत्राचा पत्ता नाही. असंही लिहिणार होते की तुम्ही आलात तर फेट्याचा विषय घरात कोणी काढणार नाही. पण ते माझ्या हातात नाही.

ता. क. ३ मामा, हे बुधवारी सकाळी लिहिते आहे. काल पत्र कॉटवर ठेवून मी भामाबाईंकडं स्टेपलर आणायला गेले होते. परत आले तर आण्णा चष्मा लावून ओट्यावर बसले होते आणि पत्र वाचत होते. सगळं वाचलं, ऊर्ध्वप्रवाहीसकट. मी दारातच उभी राहिले. त्यांनी पत्र घडी करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "एके ठिकाणी चुकलंय. टोपी लिवलीस. टोपी न्हवती. निसता टॉवेल हुता. आन् त्यो बी मी दिला न्हाय, माणसापाशी धाडला. लिवायचं तर खरं लिव्ह." मी वरती खोडलं नाही, इथं दुरुस्ती करते आहे. आमचं अधिकृत निवेदन मागं घेतलं आहे.

ता. क. ४ मग त्यांनी संमतीपत्र मागितलं आणि पेन झटकून सही केली. माझं काम झालं, त्यामुळं वरची पहिली ता. क. रद्द समजावी. आत्ता आण्णा शेजारी बसलेत, मान दुसरीकडं करून, आणि मी शब्दशः लिहून घेते आहे: "त्याला लिव्ह, सही मी केलीया. आता त्याचं हितं काय काम न्हाय. पर आला तर येऊ दे."

मामा, मी दोन वर्षं देशादेशांची निवेदनं वाचून अर्थ लावायला शिकते आहे. हे वाक्य ऐकून आई चुलीपाशी उभी राहिली आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत हलली नाही. 'येऊ दे' म्हणजे या. आण्णांना याहून जास्त येत नाही.