घाटात दम लागलेला ट्रक

निपाणी, शनिवार

चि. सौ. शालूबाईस, थोरल्या आक्काचे आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? सुनेचं तोंड कसं आहे? (दोन्हीला एकच तेल लावून बघ.) इकडं आम्ही सगळे जिवंत आहोत. हे आधीच लिहितो, कारण पुढचं वाचताना तुला तसं वाटणार न्हाय. फोनवर सांगितलं असतं, पण फोन लावून देणारा विक्रमच, आणि त्याच्यापुढं हे बोलता येत न्हाय. अक्षराला हसू नको, दुसरीपर्यंतच शिकलो.

खंडेनवमीला तू येऊन विक्रमच्या ट्रकाची पूजा करून गेलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. नातू गूळ भरून बेळगावला निघालता आणि मला तिथंच खासबागला माझ्या मंगलकडं जायचं हुतं, म्हणून त्याच्या शेजारी बसलो. तवंदी घाट निम्मा चढला, आणि ट्रकाला उचकी लागली. मग आचके दिले आणि गप्पच झाला. मागं उसाची ट्रॉली, बाजूला उतार, आणि आमचं धूड हळूच मागं सरकाय लागलं. विक्रम ब्रेकवर उभाच ऱ्हायला आणि वरडला, "आज्जी, दगड लाव!" मी त्या उंचीवरनं कशी उतरलो मला ठाऊक न्हाय. चाकामागं एक दगड लावला, त्याच्यामागं दुसरा लावला आणि तिसरा छातीशी धरून उभारलो. (ट्रक माझ्या अंगावर आला असता तर त्या तिसऱ्यानं काय केलं असतं, ते विचारू नको.)

विक्रमनं टाकीचं टोपण काढून डिझेल बघितलं, इंजिनाचा हातपंप मारला, कसला तरी नट ढिला करून हवा काढली, मग चालू झाला. पुढच्या खेपेला त्याच वळणावर पुन्हा तेच. मष्णू मेस्त्रीनं फिल्टर बदलला, पाईप फुंकून बघितला, पंप उघडून जोडला आणि सांगितलं की इंजिनाला डिझेल पोचत न्हाय. (अंग तापलंय म्हणजे ताप आलाय, असं सांगणारा डॉक्टर तू बघितला असशील.) त्यात शेजारची अंबुबाई येऊन बसली आणि म्हणाली, त्या वळणावर एक बाई हाय, ती चाक धरती. तेव्हापासनं मला डोळा मिटला की ट्रक मागं सरकताना दिसाय लागला, आणि आत पोरगं ब्रेकवर उभं. घरात बसून भिण्यापरास ट्रकात बसून भ्यालेलं बरं, म्हणून मी पुढच्या खेपेला पुन्हा चढलो. मायाबिया काय न्हाय, दगड लावायला माणूस पायजे.

ह्या वेळी मष्णूबी संगं आलता. वळण आलं, उचकी लागली, मी दार उघडून तयारच. दगड लावून झाल्यावर मष्णू म्हणाला, कुणी आवाज करू नका, आणि टाकीला कान लावून टोपण फिरवलं. शालू, त्या टाकीनं श्वास घेतला गं! सूऽऽऽ करून, विहिरीत बुडलेला माणूस वर आल्यावर घेतोय तसा. माझ्या हातातला दगड गळून पायावर पडला. देवाचं नाव घेतलं, ते मराठीत घेतलं का कानडीत, काय आठवत न्हाय.

मष्णू हसत रस्त्यातच बसला. "आज्जी, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतंय व्हय?"

"जरा येतंय रं, मग थांबतंय."

"मग? डिझेल जाईल तशी वरनं हवा आत नको? टोपणाचं हवेचं भोक बुजलंय. चढाला इंजिन जास्त पितंय, म्हणून घाटातच मरतंय."

म्हणजे दर वेळी विक्रम डिझेल बघायला टोपण काढायचा, तेवढ्यात टाकी दम खायची, आणि कौतुक हातपंपाचं व्हायचं. आवाज त्या हॉर्नांच्या गोंधळात कुणाला ऐकू येणार? मष्णूनं माझ्या लुगड्याची पिन मागून घेतली आणि भोक टोकरून मोकळं केलं. आता ट्रक घाट वाऱ्यागत चढतोय. मला कसलीच भीती उरली न्हाय. जपून ऱ्हा, गुडघ्याला ऊब दे.

तुझी आक्का

ता. क. भोकातनं निघालं ते लाल, वाळून दगड झालेलं. हळदीत चुना कालवून नजरेचा टिळा कुणी लावला, आणि "ह्या भोकातनं नजर आत शिरंल" म्हणून अंगठ्यानं दाबून कुणी बसवला, ते तुझ्या ध्यानात असंलच. विक्रमला मी सांगितलंय, कुंभारमाशीनं घर केलतं. लाल माती कुठली म्हणाला, इथं तर सगळी काळीच. म्हटलं, माशीला विचार.

ता. क. दुसरा. एवढे टिळे असून ट्रक बंद पडलाच, म्हणत विक्रमनं रागानं सगळे टिळे धुतले, लिंबूबी काढून टाकलं. ट्रक आता उघडाबोडका दिसतोय आणि अंबुबाई रोज दारातनं त्याच्याकडं बघती. मंगळवारी तो पुन्हा घाट चढणार. त्याच्या आधी हळद-चुना घेऊन ये. तुझा टिळा बंपरला लाव, चाकाला लाव, विक्रमच्या कपाळाला लाव. भोक दिसंल तिथं मात्र अंगठा न्हेऊ नको.

ता. क. तिसरा. विक्रम म्हणतोय, मावशीआज्जीला सदलग्यासनं ट्रकातनंच आणतो. त्याला फोनवर व्हय म्हण, आणि बसनं ये. वाटेत घाट न्हाय, ते मलाबी ठाऊक हाय. तरी बसनंच ये.