नखाखालचा लाल

उत्तन, १२ नोव्हेंबर १९९२

प्रिय मृणालिनीताई,

आधी वाईट ते सांगून टाकतो. माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा शेंडा काळा पडलाय आणि तो कापायचा की ठेवायचा, हे डॉक्टर सोमवारी ठरवणार आहेत. बाकी मी ठणठणीत. घरातून पळाल्यावर वेरावळला निघालो म्हणून तुला कार्ड टाकलं, ते इथूनच टाकलं होतं. निघणारच होतो गं, पण इथे बोंबील वाळत घालायला माणूस हवा होता, आणि समुद्र असा होता की... असो.

गेल्या महिन्यात ताप भरला. पायांवर जांभळे ठिपके, बोटं निळी, गार. मी ज्याच्याकडे राहतो तो बेनेडिक्ट म्हणाला, शिंगाळ्याचा काटा लागलाय, दुसरं काय न्हाय. शिंगाळा म्हणजे मिशांचा मासा, त्याच्या काट्याने मोठा गडीही रडतो. विष वर चढू नये म्हणून त्याने जाळ्याच्या दोऱ्याने हे मधलं बोट करकचून बांधलं. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी दोरा कापला आणि त्याला असं झापलं की वाटलं, हा सहा फुटांचा माणूस आता बाकाखाली शिरतो! त्या म्हणाल्या, तापाने याच्या अंगातल्या, केसाहून बारीक रक्तवाहिन्या आतून सुजल्यात. काही पाझरल्या, ते हे ठिपके. काहींत गुठळ्या अडकल्यात. रक्त आधीच रांगत पोचतंय, त्यावर तुम्ही गाठ मारलीत!

त्यानंतर बारा दिवस बेनेडिक्ट बोटीवर गेला नाही, माझ्या उशाशी बसला. तू त्याला काही बोलू नकोस.

ठिपके पिवळे पडून गेले. पायाची बोटं आपोआप गुलाबी झाली. बाई म्हणतात, काही वाटा मोकळ्या होतात, काही शेजारून नव्या फुटतात, धीर धरायचा. रोज या मधल्या बोटाचं नख दाबून सोडायचं, पांढरं पडलेलं किती आकड्यांत परत लाल होतं ते मोजायचं. पहिल्या दिवशी नऊ. आज चार! काल बोटात मुंग्या आल्या तेव्हा मी असा ओरडलो की बोंबलांवरचे कावळे उडाले.

पण मोजते बेनेडिक्टची बायको विल्मा, आणि मला बरं वाटावं म्हणून ती आकडे सावकाश म्हणते, असा मला संशय आहे. मी मोजलं तर मीही तेच करेन. आठवतं, गोडदेवला लपाछपीत आम्ही सगळे वीसवरून थेट पन्नासवर उडी मारायचो? तू एकटी शंभरपर्यंत सगळे आकडे म्हणायचीस. मला लपायला जागा मिळाली नसली, तरी शंभराच्या पुढे एक आकडाही थांबायची नाहीस. तेव्हा किती राग यायचा तुझा!

विल्मा मासळी विकायला भाईंदरला येते, तिच्याच हाती हे पत्र देतोय. रविवारी येशील? स्टेशनवरून उत्तनची बस आहे. पळून आलो म्हणून रागाव, पण आधी नख दाब आणि मोज. तू जो आकडा सांगशील, तोच मी सोमवारी बाईंना सांगेन.

तुझाच,
कौस्तुभ