संध्याकाळचे पाय

वैशाखरे, ता. मुरबाड
जानेवारी २००१

प्रिय संघरत्ना,

सप्रेम जय भीम. तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. तीनदा उत्तर लिहिलं आणि तिन्ही कागद चुलीत घातले, कारण त्यात मी फारच शहाणा दिसत होतो. मी शहाणा नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? शहापूरचं कॉलेज मी दुसऱ्या वर्षात अर्ध्यावर सोडलं, तेव्हा मारामारी केली म्हणून काढलं अशी बातमी खर्डीपर्यंत पोचली होती म्हणे. मारामारी झाली होती, खोटं कशाला बोलू. पण काढलं कुणी नाही. मी घरी आलो तो पुतणीसाठी, कुणालीसाठी. दादा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस घरी नसतो. पाच वर्षांची पोर कडेवर घेऊन मुंबई गाठणं चंदावहिनीला एकटीला झेपेना. कॉलेज पुन्हा भरेल. पोरीचं दुखणं थांबणार नव्हतं.

दादाची ही लेक तू एकदाच पाहिलीस, जयंतीच्या मिरवणुकीत माझ्या खांद्यावर. तू म्हणालीस, किती लाडावतोस रे, जरा चालू दे तिला. मी तिला खाली उतरवलं नाही. संध्याकाळ होती रत्ना, तिला चालता येत नव्हतं.

तिचं असं होतं, की सकाळी उठली की कोंबड्यांमागे विहिरीपर्यंत पळायची. दुपार कलली की भिंत धरायची. दिवेलागणीला दोन्ही पावलं आत वळून लाकडासारखी ताठ व्हायची, उचलून घरात आणावी लागायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कोंबड्या. अशा पोरीवर कोण विश्वास ठेवणार? शेजारची ताराबाई ओटीवर बसून सांगायची, सोंगाडी हाय गो पोर, काम सांगितलं का हिचे पाय मोडतात. मी तिला म्हणालो, म्हातारे, तुझ्या तोंडाचे पाय कधी मोडतील ते सांग. वर्षभर बोलली नाही माझ्याशी. बरं झालं.

आपल्याकडे मोठा दवाखाना म्हणजे पहिली एसटी. पहाटे निघालं तर नंबर लागतो, हे आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं. आम्हीही तेच केलं. काळोखात गाडी धरायची, कुणाली वहिनीच्या मांडीवर थेट कल्याणपर्यंत झोपायची, पुढं लोकलमध्येही झोपायची. डॉक्टरांसमोर उभी केली की टवटवीत. चालून दाखव म्हटलं की पळूनच दाखवायची, वर लंगडी घालायची. तीन वेळा हेच. तिसऱ्या वेळी ते डॉक्टर वहिनीला म्हणाले, बाई, मूल ठणठणीत आहे, तुम्हीच जरा झोपत जा. आणि परतीच्या वाटेवर, चार वाजता, कल्याणच्या स्टँडवर पोरीचे पाय वळले. वहिनी बाकावर बसली आणि म्हणाली, भावजी, लोक म्हणतात तेच खरं असंल का? मीच येडी झाले असंल का?

त्या दिवशी मी कुणावरच ओरडलो नाही. मला तेव्हाच भीती वाटली खरं तर.

घरी आलो आणि अर्थशास्त्राच्या वहीची कोरी पानं काढली. शिकलो ते तिथंच कामाला आलं म्हण. सकाळी सात, विहिरीपर्यंत पळाली. अकरा, पाय ओढते. दोन, भिंत धरून. सहा, उचलून. एकवीस दिवस लिहिलं. सतराव्या दिवशी दिसलं, की ज्या दुपारी ती तासभर झोपते त्या दुपारी चारलाही चालते. म्हणजे झोपेत तिच्या अंगात काहीतरी भरतं आणि दिवसभरात ते संपतं. आम्ही मूर्ख तिला झोपवून, भरून, डॉक्टरांकडे नेत होतो.

मग मी वहिनीला सांगितलं, आता पहिली गाडी नाही. बाराची. गाडीत तिला झोपू द्यायचं नाही. कल्याणपर्यंत पोरीला गाणी म्हणायला लावली, चिमटे काढले, ती रडली, शेजारचा माणूस मला म्हणाला, काका का कसाई? हॉस्पिटलात पोचलो तेव्हा पावणेसहा. तपासणी बंद. दारावरचा म्हणाला, सकाळी या. मी म्हणालो, सकाळी नाय येणार. सकाळी तुमचे सगळे डॉक्टर आंधळे असतात. त्यानं दंड धरला, मी फरशीवर बसलो, मांडीवर कुणाली, तिचे पाय असे वळलेले की चप्पल राहत नव्हती. आता उचला म्हटलं दोघांना. आरडाओरडा ऐकून एक तरुण डॉक्टरीण आली. खाली बसली, पोरीचं पाऊल हातात घेतलं, आणि वही मागितली. सगळी पानं वाचली. मग तिनं मोठ्या डॉक्टरांना घरून बोलावलं.

दुखणं दुर्मीळ आहे, नाव मोठं आहे, पण मोठे डॉक्टर म्हणाले, मेंदूतलं एक रसायन कमी पडतं, एवढंच. म्हाताऱ्यांचे हात कापतात त्यावर जी गोळी देतात तिचा पाव तुकडा, रोज, जन्मभर. मी म्हणालो, एवढ्यासाठी दोन वर्षं? ते म्हणाले, एवढ्याचसाठी. आठ दिवस ठेवून घेतलं. पाचव्या संध्याकाळी वहिनी नळावर गेली होती. परत येताना बघते तो वॉर्डाच्या दारात कुणाली उभी, भिंत न धरता, आणि तिला म्हणते, तू कुठं गेली होतीस गो? वहिनीच्या हातातून तांब्या पडला. आता घरी संध्याकाळी कोंबड्या ती कोंडते. ताराबाई म्हणते, मी म्हणतच होते पोरीत काय नाय म्हणून. म्हणू दे.

हे सगळं तुला पुढच्या भेटीतही सांगता आलं असतं. कागद संपत आला तरी मूळ गोष्ट आली नाही. गेल्या वर्षी खर्डी स्टेशनावर तुझे बाबा म्हणाले होते, त्या घरात आजार आहे, तिथं मुलगी देणार नाही. मी चार माणसांत ओरडलो होतो, आमचं रक्त चोख आहे. तू घरी जाऊन भांडलीस, इंद्रजीत खोटं बोलत नाही म्हणालीस, आणि वर्षभरानं का होईना त्यांनी रविवारी सकाळी अकराला मला बोलावलंय. पण मी खोटं बोललो होतो रत्ना, न कळून. हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांनी खाटेखालच्या माझ्या चपला उचलून बघितल्या. डावी बाहेरच्या कडेनं घासलेली, कुणालीच्या होत्या तशीच. आठवतं, कॉलेज सुटल्यावर स्टेशनाकडे जाताना तू चिडवायचीस, पाय नीट टाक रे हिरो, किती चपला शिवशील? मला वाटायचं ऐट आहे माझी. त्यांनी संध्याकाळी सहाला मला व्हरांड्यात चालायला लावलं, डावं पाऊल आत वळताना पाहिलं आणि मलाही तीच गोळी लिहून दिली. ते आमच्या रक्तात आहे. दादाला काही झालं नाही, पोरीत पुरतं उतरलं, माझ्यात एका पावलापुरतं. पुढं माझ्या मुलांत येईल किंवा येणार नाही. आलं तर पाव गोळीनं वठणीवर येतं, आणि कुठल्या वेळी दाखवायचं ते आता मला ठाऊक आहे. मला याची लाज नाही. लाज फक्त त्या ओरडण्याची आहे. तेव्हा बाबांना माझा जय भीम सांग आणि सांग की तो अकराला येणार नाही. सकाळी तर कुणीही सरळ चालतं. मी संध्याकाळी सहाला येईन, गोळी न घेता, स्टेशनापासून तुमच्या दारापर्यंत चालत. तू दारात उभी राहा आणि नीट बघ. मग हो म्हण, नाही तर नाही म्हण.

सकाळी तुझाच, संध्याकाळीही तुझाच,
इंद्रजीत