मे महिन्यातला कट्टा

पुणे, २ जुलै २०२५

ती. शशिकला मावशीस,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून पत्र. सोबत आमच्या अहवालाचा तमिळ सारांश आहे. तुझ्या घरामागच्या कुप्पममध्ये, म्हणजे कोळीवाड्यात, नवा धक्का आणि बर्फाचा कारखाना व्हायचा आहे. त्याने किनाऱ्याचं आणि माणसांचं काय होईल ते मी मे महिन्यात चार दिवस तुझ्याकडे राहून पाहिलं, तोच हा अहवाल. माझ्या नावाने निघणारा पहिला.

नियमाप्रमाणे तो तिथल्या बायकांना वाचून दाखवायचा आहे. दुकानांच्या पाट्या वाचत तू तमिळ शिकलीस, हे काका किती कौतुकाने सांगायचे! एवढं काम करशील? हरकतींची मुदत वीस तारखेपर्यंत आहे, पण हरकत कोण घेणार?

वेळेवर जेव. माझ्यावर माया आहे तशी राहू दे.

तुझी
तनया


रोयापुरम, चेन्नई
८ जुलै

चि. तनयास अनेक आशीर्वाद.

कागद पोचले. घरी दोनदा वाचले, मग किनाऱ्यावर बसून बायकांना वाचून दाखवले. चौथ्या पानावर तू लिहिलं आहेस की वाळूवरचा सिमेंटचा कट्टा वापरात नाही, कारखाना तिथे बांधावा, कुणाचं नुकसान नाही. मी बसले होते तो हाच कट्टा, आणि माझ्या दोन्ही बाजूंना मासळी वाळत होती.

सुंदरी म्हणाली, अक्का, तुमची भाची एवढी शिकली, तिला नाक नाही का? बाकीच्या हसल्या. ती हसली नाही.

पोरी, एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत इथे मोठ्या बोटींना बंदी असते, मासे अंडी घालतात म्हणून. बोटी नाहीत तर वाळवायला काही नाही. तू नेमकी तेव्हा आलीस. माझ्या मागच्या दारी चिंच सोलायला एक बाई बसायची, आठवते? तू तिला चहा नेऊन दिलास. तीच सुंदरी. कट्टा गेला तर ती बारा महिने चिंच सोलेल.

चूक माझीही आहे. कट्टा माहीत असून घरी वाचताना मला खटकलं नाही. तुझे काका गेल्यापासून कट्ट्याकडची मागची खिडकी उघडायचंच सुटलं आहे. ते गेले तेव्हा दोन महिने मी गॅस पेटवला नव्हता, शेजारून डबा यायचा. त्या दिवसांत कुणी पाहणीला आलं असतं, तर या घरात कुणी राहत नाही असंच लिहून गेलं असतं.

रागावू नकोस. बाकी तू जाणतेस.

तुझी
मावशी


पुणे, १५ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवण गेलं नाही. बंदीची तारीख माझ्या टिपणवहीत होती, पहिल्याच पानावर. मी ती बोटींपुरती धरली.

आमच्या ऑफिसचे प्रमुख भीमसेन सर, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, लेखी हरकत नसेल तर एक ओळही बदलणार नाही. म्हणून मी तुझं पत्रच भाषांतर करून हरकत म्हणून जोडलं आहे. हरकत जशीच्या तशी जोडावी लागते, त्यामुळे काकांचा मजकूरही गेला. तुला न विचारता केलं, क्षमा कर. स्वतःच्याच अहवालावर हरकत आणणारी मी पहिलीच, असं सर म्हणाले. पुन्हा पाहणी होणार आहे, पण ती दुसरं कुणी करेल. माझं नाव काढलं आहे.

थकले आहे, मावशी. तरी तुझा हात डोक्यावर असू दे.

तनया


रोयापुरम, चेन्नई
२१ ऑगस्ट

चि. तनयास अनेक आशीर्वाद.

नव्या पाहणीसाठी हरिप्रिया नावाची मुलगी येऊन गेली. दुपारपर्यंत कट्ट्यावर बसून तिने अडतीस बायकांची नावं लिहिली. मासळी उलटायची म्हणून सुंदरीने तिला दोनदा उठवलं. कट्टा राहील का, असं मी विचारलं. ते तिच्या हातात नाही म्हणाली. खरंच बोलली, बरं वाटलं.

काकांचा मजकूर हरकतीत गेला ते मनाला लावून घेऊ नकोस. जॉर्ज टाउनच्या पेढीवर एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचीच कागदपत्रं लिहिली. यात त्यांचीही दोन ओळींची जागा झाली. लाजले असते.

सुंदरी तुझी चौकशी करते. पुढच्या वेळी बोटी असताना ये म्हणाली. तिने दिलेली सुकी मासळी पाठवते आहे. तीन पिशव्यांत बांधली आहे, तरी वास ऑफिसभर जाईल.

जाऊ दे.

तुझी
मावशी