धुण्याच्या दुकानात भेटली आपली हॉकी टीम

तीर्थरूप बाबा,

वाकून नमस्कार करते, पण आधी बातमी ऐका. काल आम्हाला आपल्या देशाच्या हॉकीच्या मुली भेटल्या, अख्खी टीम!

घरचं मशीन बिघडलं म्हणून आम्ही तिघं कोपऱ्यावरच्या धुण्याच्या दुकानात गेलो होतो. तेवढ्यात घामाने भिजलेल्या जर्सींची गाठोडी घेऊन त्या आत आल्या. तुमचे जावई असे बावचळले की साबणाची पावडर स्वतःच्याच बुटांवर ओतली!

तुमची नात चिमी माझ्यामागे लपली. तशी ती मजेत आहे, फक्त इकडे परदेशात आल्यापासून घराबाहेर तोंड उघडत नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, होईल हळूहळू. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आईचा गुडघा कसा आहे?

तर गोलकीपर चिमीपुढे उकिडवी बसली. "उद्या सामना आहे. कशी खेळू, सांग ना."

चिमीने माझ्यामागून मान बाहेर काढली. आणि एकदम खणखणीत आवाज, "डावीकडचे गोल तू सोडतेस! आजोबा टीव्हीपुढे केवढे ओरडतात!"

दुकानभर हशा पिकला. गोलकीपरने तिला कडेवरच घेतलं. "आजोबांचं बरोबर आहे गं," म्हणाली.

बाबा, आज शाळेच्या फाटकाशी चिमीने माझा हात सोडला, वर्गातल्या एका मुलीला गाठलं आणि इकडच्या भाषेत, मोडकंतोडकं का होईना, हे सगळं सांगत आत गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

मी मात्र बराच वेळ तिथेच उभी होते.

तुमची,
धाकटी